तिसऱ्या फळीवरचे तारे

तिला सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते माहीत होतं. तिच्या पिशवीत कायम एक लाकडी पट्टी असायची. पुस्तकांची ओळ बोटभर जरी पुढेमागे झाली, तरी पट्टीने टकटक करून ती सरळ केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. त्यातून ती स्वतःही सडपातळ आणि ताठ, त्यामुळे हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिचं काम ऐकून लोक आधी हसतात. दुसऱ्यांच्या घरातली पुस्तकं सजवायची, हे काय काम झालं? पण असतं असं काम. घर नवं करून घेतलं, भिंतभर कपाट ठोकून झालं, सुतार गेला, रंगारी गेला, की मग त्या कपाटात पुस्तकं कशी ठेवायची यावरून घरात वाद सुरू होतो. तेव्हा डिझायनर मॅडम फूटपट्टीला पाठवतात. ती पुस्तकं रंगावर लावते, उंचीवर लावते, चार उभी, तीन आडवी, मधे एखादी फुलदाणी. मधे थोडी जागा मोकळी सोडते, कारण मॅडमच्या मते भिंतीलाही श्वास घ्यावा लागतो. ज्यांच्याकडे पुस्तकं कमी, त्यांच्यासाठी ती रद्दीवाल्याकडून वजनावर घेऊन येते. आतलं एक पान न उलटता, नुसता पाठीचा रंग बघून.

याची तिला मनातल्या मनात लाज वाटे. कारण त्याआधी सव्वीस वर्षं ती एका वाचनालयात होती. कुठलं पुस्तक कुठे, हे तिला अंधारात सांगता यायचं. मग वाचनालय बंद झालं. तिथली जुनी सागवानी कपाटं विकत घ्यायला मॅडम आल्या, तेव्हा ही बाई रद्दीत जाणारी पुस्तकंसुद्धा क्रमाने लावत बसली होती. मॅडमनी कपाटांबरोबर तिलाही उचललं, असं तिचा नवरा सांगतो.

नवरा सुखी माणूस. काळजीचं सगळं खातं त्याने लग्नात बायकोच्या नावावर करून टाकलं होतं. घरातून निघताना ती गॅसचं बटण तीनदा बघे, कडी दोनदा ओढे, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावरून एकदा परत येई. "मला पेन्शन मिळाली," तो म्हणे, "पण हिच्या काळजीचं निवृत्तीचं वय काही येत नाही."

त्याला काय माहीत. ही सवय फार जुनी होती. तिच्या आईला दमा होता. सात-आठ वर्षांची असताना ती अंथरुणात पडल्या पडल्या आईचा श्वास मोजायची. एक आत, एक बाहेर. आपण मोजायचं थांबलो तर तोही थांबेल, असं तिला वाटे. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. नखं मात्र कुरतडून कुरतडून बोटाला लावली. आई पुढे चांगली म्हातारी होऊन गेली, पण मोजायची सवय काही गेली नाही.

तर ते घर. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बैठकीच्या खोलीत भिंतभर कपाट, दोन वर्षांपूर्वी केलेलं. घरात नवरा-बायको, त्यांची सात वर्षांची मुलगी आणि मुलीचे आजोबा. आजोबा गणिताचे निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणत. पुस्तकं सगळी सरांची. ते तीन दिवस लेकीकडे गेले होते, आणि तेवढ्यात सगळं लावून त्यांना चकित करायचं, असा सूनबाईंचा बेत होता. चौथ्या दिवशी सकाळी दहाला एका मासिकाचा फोटोवाला येणार होता. मॅडमनी तीनतीनदा बजावलं होतं, "दहा म्हणजे दहा. एकही पुस्तक वाकडं नको."

पहिल्या दिवशी तिने नेहमीप्रमाणे आधीच्या मांडणीचे फोटो काढून ठेवले. तिसऱ्या फळीच्या कडेवर, म्हणजे पुस्तकांच्या पायाशी समोर जी अरुंद पट्टी दिसते तिच्यावर, फुगीर तारे चिकटवलेले होते. लहान मुलं वहीवर लावतात तसले, निळे, लाल, आणि मधेच एक पिवळा चंद्र. पोराटोरांचे उद्योग, असं म्हणून तिने ते ब्लेडने खरवडले आणि डाग थिनरने पुसून टाकले. कड आरशासारखी लख्ख झाली. नातीच्या तोंडून गुपित फुटू नये म्हणून रोज निघताना ती कपाटावर चादर टाकून जाई, सूनबाईंनी तसं सांगितलं होतं.

मग रंग. निळी वरच्या फळीवर, त्याखाली हिरवी, डावीकडे लाल. तिसरी फळी मॅडमच्या खास आवडीची: तिथली पुस्तकं उलटी. म्हणजे पाठ भिंतीकडे आणि पानांची कड समोर, की सगळी फळी एकसारखी सायीच्या रंगाची दिसते. पुस्तकाचं नावच दिसत नाही मग शोधायचं कसं, असं फूटपट्टीने पूर्वी एकदा विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "शोधायचंय कुणाला?"

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला सर परत आले. उंच, नीटनेटके, हातात काठी नाही, चाल मोजकी. सूनबाईंनी त्यांना कपाटासमोर नेऊन उभं केलं. "बाबा, बघा."

सर तिसऱ्या फळीसमोर उभे होते. बघत राहिले. मग म्हणाले, "वा. रंग काय खुलून दिसतायत इथे."

सूनबाई हसल्या. "बाबा चेष्टा करतात हं. त्यांना उलटी पुस्तकं आवडली नसतील." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

फूटपट्टी हसली नाही. तिचं लक्ष सरांच्या हाताकडे होतं. उजव्या हाताचा अंगठा फळीच्या कडेवरून डावीकडून उजवीकडे सरकत होता. हळू, काहीतरी शोधत. टोकापर्यंत गेला. परत डावीकडे आला. पुन्हा गेला. मग सरांनी अंदाजाने एक पुस्तक ओढलं, तळहातावर तोललं, कव्हरवरून बोट फिरवलं आणि परत ठेवलं. दुसरं ओढलं. तेही ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण कानशिलावरून घाम ओघळत होता.

या माणसाला दिसत नाही. आणि हे घरात कुणालाच माहीत नाही.

चहा झाला. सूनबाई मुलीला शाळेतून आणि मग नाचाच्या वर्गातून आणायला निघाल्या. "साडेपाचपर्यंत येते," त्या म्हणाल्या. "सातला आजोबा-नातीचं वाचन असतं, रोजचं. त्याआधी तुमची आवराआवर झाली तर बरं."

दार लागलं. फूटपट्टीला वाटलं, गप्प बसावं, पट्टी पिशवीत टाकावी आणि घरी जावं. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही, हा तिचा नियम होता. पण तिचा पाय हलेना.

"बाई," सरच म्हणाले, "तुम्ही अजून इथेच आहात ना?"

"हो."

"तुम्हाला कळलं."

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली, आणि हे आपण का म्हणालो याचीच तिला भीती वाटली.

सर खुर्चीत बसले. दीड वर्ष झालं, त्यांनी सांगितलं. बघायचं तिथे नेमका मधोमध करडा ठिपका, कडेचं थोडं दिसतं, त्यावर चालणंफिरणं निभतं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. "सांगितलं की काय होईल ते मला ठाऊक आहे. मुलगा नोकरी सोडायच्या गोष्टी करेल. लेक म्हणेल, माझ्याकडे चला. जिने बंद, फिरणं बंद. आणि सातचं वाचन बंद. मला फार नको. नातीला अजून जोडाक्षरं अडतात. ती स्वतः वाचायला लागली की मी सांगून टाकणार. तोवर रेटायचं."

"पण तुम्ही वाचता कसं?"

"वाचतो कुठे. पाठ आहेत. तिसऱ्या फळीवर एकोणतीस पुस्तकं, माझ्या मुलांना मीच वाचून दाखवलेली. कितवं पुस्तक कुठलं, ते डोक्यात पक्कं. हात लावायचा, मोजायचं, काढायचं, उघडायचं, सुरू. पोरीने कडेला काहीतरी चिकटवलं होतं, दर पाच पुस्तकांनी एक. मोजायचा नाद आहे तिला, माझी नात ना. खेळ तिचा, पण माझी सोय व्हायची. आता ते लागत नाही हाताला."

"ते मी काढलं," फूटपट्टी म्हणाली. "मला वाटलं, कचरा आहे."

"तुमचं काम आहे ते," सर म्हणाले. त्यांचा आवाज चिडका असता तर तिला बरं वाटलं असतं.

घड्याळात चार वीस झाले होते. सात वाजता हा माणूस नातीसमोर, सुनेसमोर या फळीशी उभा राहणार, भलतंच पुस्तक काढणार आणि पाठ असलेलं दुसरंच वाचणार. दीड वर्षाचं सोंग पाच मिनिटांत उघडं पडणार. आणि ते कुणी पाडलं? हिने, ब्लेड घेऊन.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की जी फॅशन आजवर तिच्या डोळ्यात खुपत आली, तीच आता उपयोगी होती. तिसरी फळी उलटी आहे. कुठलं पुस्तक कुठे आहे हे समोरून कुणालाच दिसत नाही. तिथे कुठलाही क्रम लावला तरी फोटोत सायीचाच रंग येणार.

"सर, तुमचा क्रम सांगा," ती म्हणाली. "आपण जसाच्या तसा लावू."

मग सुरू झाली धांदल. तिने फोनवरचा फोटो उघडला, तर खिडकीच्या उजेडाने डावीकडची नऊ पुस्तकं नुसती पांढरी फटक. ती नऊ सरांनी सांगितली. जाडी, कापडी बांधणी की कागदी, कोपरा दुमडलेला की नाही, इथपर्यंत. ती एकोणतीस पुस्तकं आता पाच रंगांत विखुरलेली होती. निळ्यातली सहा काढली की निळ्याला खिंडार पडे, मग रद्दीवाल्याच्या पिशवीतून सहा निळी काढून तिथे भरायची. जिन्यात पाऊल वाजलं की ती हातातलं पुस्तक पाठीमागे लपवी. दोनदा ती शेजाऱ्यांची पावलं निघाली. बाविसावं पुस्तक कुठेच सापडेना, तेव्हा तिला रडू यायचं बाकी राहिलं. ते फुलदाणीखाली सापडलं. फुलदाणीला उंची यावी म्हणून तिनेच ते ठेवलं होतं.

पाच पंचवीसला एकोणतिसावं पुस्तक बसलं. सरांनी हात फिरवून मोजलं. एकदा चुकले, पुन्हा मोजलं. "जमेल," ते म्हणाले, पण दोघांनाही तितकी खात्री नव्हती. खुणा नव्हत्या ना.

साडेपाचला माय-लेकी आल्या, मुलगी तशीच आत अभ्यासाला गेली, आणि पाठोपाठ मॅडमचा व्हिडिओ कॉल. फूटपट्टीने फोन कपाटावरून फिरवला. "तिसरी फळी उंचसखल का दिसतेय?" मॅडम म्हणाल्या. वाचनालयाच्या सव्वीस आणि मॅडमकडच्या सात वर्षांच्या नोकरीत जी बाई कधी खोटं बोलली नव्हती, ती म्हणाली, "मुद्दाम केलंय. एकसारखं लावलं की दुकान वाटतं." मग मॅडम म्हणाल्या, "छान सुचलं तुला." फूटपट्टीचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. सात वाजायचे होते.

खिडकीच्या काचा पुसायचं निमित्त करून ती थांबून राहिली. एकच काच तिने चार वेळा पुसली.

सातला मुलगी आतून आली. दोन वेण्या, एक सुटलेली. ती थेट तिसऱ्या फळीपाशी गेली आणि कडेकडे बघून जागच्या जागी थिजली. मग तिने आईकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि बोट तोंडात घातलं. रडली नाही. विचारलंही नाही. फूटपट्टीला ते शहाणपण बघवेना.

सर उठले. अंगठा कडेवर ठेवला. सूनबाई सोफ्यावर घड्या घालत बसल्या होत्या, कौतुकाने बघत होत्या. एक, दोन, तीन... सातव्या-आठव्याशी अंगठा अडला. मागे आला. पुन्हा पहिल्यापासून.

"आजोबा, आज मी काढणार," मुलगी म्हणाली. "तुम्ही बसा ना."

तिने एक पुस्तक ओढलं, मागची बाजू पाहिली, परत ठेवलं. शेजारचं ओढलं, पाहिलं, आणि तेच घेऊन ती आजोबांच्या खुर्चीच्या हातावर बसली.

"अगं, नाव वाचता आलं तुला?" आई म्हणाली.

"चित्रावरून ओळखलं," मुलगी म्हणाली.

त्या पुस्तकाच्या कव्हरवर चित्र नव्हतं. नुसतं तपकिरी कापड आणि पाठीवर सोनेरी अक्षरं, आणि त्यात जोडाक्षरं तीन. फूटपट्टीने ते स्वतःच्या हाताने लावलं होतं.

सर वाचू लागले. आवाज भारदस्त, पाठ केलेला वाटूच नये असा. पानं मुलगी उलटत होती, नेमकी जिथे उलटायची तिथे. बघणाऱ्याला वाटलं असतं, लाडकी नात आहे, आजोबांना मदत करते. फूटपट्टी पाठमोरी उभी राहून काच पुसत होती आणि तिला समोरचं काही दिसत नव्हतं.

निघताना ती दारात चपला घालत होती, तेव्हा मुलगी मागून आली. "काकू, माझे तारे तुम्ही काढलेत?"

"हो गं. मला वाटलं, मस्ती केलीय कुणीतरी."

"मस्ती नव्हती." मुलगी दबक्या आवाजात बोलत होती. "पाच-पाचला तारा. आणि जे पुस्तक चालू असेल त्याच्याखाली चंद्र. रोज चंद्र हलवायला लागतो. आणि कामवाल्या मावशींनी पुसताना पुस्तकं हलवली की ती परत लावायला लागतात. नाहीतर आजोबांचं चुकतं."

"आणि तुला वाचता येतं."

मुलीने एकदा मागे वळून आत पाहिलं. मग म्हणाली, "कधीचं. पण मला आलं की ते वाचून दाखवायचं थांबणार. आईला म्हणत होते. तुम्ही सांगू नका."

तिने तोंडातलं बोट काढलं, तेव्हा फूटपट्टीने तिची नखं पाहिली. दहाच्या दहा, बोटाला लागलेली. कडेला रक्ताचं वाळलेलं टिपूस. एक आत, एक बाहेर. फूटपट्टीला ते अंथरूण आठवलं, तो अंधार आठवला, आणि कुणी मोठ्या माणसाने येऊन, झोप आता, मी मोजतो, असं म्हणावं म्हणून केलेली वाट बघणं आठवलं.

तिने पिशवीत हात घातला. काचेची दारं आपटू नयेत म्हणून आतून जे पारदर्शक रबरी ठिपके लावतात, त्यांचा एक कागद काढून तिने मुलीच्या हातात दिला. "हे दिसत नाहीत. हाताला लागतात. चालू पुस्तकाखाली एकावर एक दोन लाव."

मुलीने कागद फ्रॉकच्या खिशात लपवला. लपवायची तिची ती सफाई बघून फूटपट्टीला बरं वाटायच्या ऐवजी आणखीच वाईट वाटलं. आपण हिला मदत केली की ओझं वाढवलं, हे तिला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही. नवरा म्हणाला, "गॅस मी बंद केलाय, कडी लावलीय. आता कसली काळजी?" ती म्हणाली, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी ती नऊलाच पोचली. मुलगी शाळेत गेलेली. सूनबाई आतल्या खोलीत केस विंचरत होत्या. फोटोवाला खाली गाडीतून दिवे उतरवत होता. सर कपाटापाशी उभे होते, आणि अंगठा कडेवर होता.

"बाई, खुणा परत लावल्यात तुम्ही?"

इथे ती हो म्हणू शकली असती. कालच्यासारखं आणखी एक खोटं. सगळं सुरळीत चाललं असतं, सहा महिने, वर्ष.

"मी नाही लावल्या," ती म्हणाली.

सरांचा अंगठा पुढे सरकला. पाच. दहा. चौदाव्यापाशी थांबला. तिथे एकावर एक दोन ठिपके होते. काल वाचलेलं पुस्तक चौदावं होतं. त्यांनी ते काढलं, तोललं, आणि हातात धरून उभे राहिले. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. आता त्यांना बेरीज सांगायची गरज नव्हती.

"इथे आधी चंद्र होता," ते म्हणाले. "तो नेहमी चालू पुस्तकाखालीच असायचा. मी म्हणायचो, योगायोग."

फूटपट्टीने पिशवी खाली ठेवली.

"तिला वाचता येतं?"

"येतं."

"कधीपासून?"

"ते तिलाच विचारा. आणि सर," ती थांबली नाही, "तिची नखं तुम्हाला दिसत नाहीत. मला दिसली. सात वर्षांच्या पोरीने रोज मोजत बसायचं, की आज आजोबा पकडले जातात का. मी पण लहानपणी मोजत बसायची. तुम्ही सोंग नीट वठवताय, पण ते सांभाळतंय कोण, बघा तुम्हीच."

बोलून झाल्यावर तिची पाचावर धारण बसली. ग्राहकाशी असं कुणी बोलतं? मॅडमना कळलं तर उद्यापासून काम बंद.

सरांनी पुस्तक खुर्चीवर ठेवलं आणि आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, जरा येता का इकडे? आणि मुलाला फोन लावा. मला काहीतरी सांगायचंय."

चौदाव्या जागी फळीला फट पडली होती. शेजारची पुस्तकं त्या बाजूला कलंडली. फूटपट्टीचा हात सवयीने पट्टीकडे गेला आणि परत आला. ती बाहेर आली, दार हलकेच ओढून घेतलं. फोटोवाला धापा टाकत जिना चढून येत होता, खांद्यावर दिवे, मनगटावरचं घड्याळ तिला दाखवत.

"थांबा थोडं," ती म्हणाली, आणि दारासमोर उभी राहिली. "आत घरातली माणसं बोलतायत."